सहा माणसं, एक आत्या आणि गावचं सामान: सात सीटर कोणती घ्यावी?

धायरीकर
नमस्कार मंडळी. घरची जुनी हॅचबॅक आता पुरत नाही, म्हणून सात सीटर घ्यायचं चाललंय. इकडेतिकडे बरंच वाचलं, पण सगळीकडे इंजिनाची ताकद, स्क्रीन केवढी आणि सनरूफ आहे का याच गप्पा. मला वेगळंच विचारायचंय.

आम्ही सहा जण. मी, बायको, आई, बाबा, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. बाबा सहा फुटी, त्यांना पाय दुमडून फार वेळ बसवत नाही. गाव गुहागर तालुक्यात. गणपती, शिमगा आणि मे महिना जाणं ठरलेलं. जाताना बॅगा, येताना आंबे, फणस, तांदूळ. एरवी बायको गाडी ऑफिसला नेते, सिंहगड रोडच्या गर्दीतून. सोसायटीतलं पार्किंग दोन खांबांच्या मध्ये. बजेट ऑन-रोड १५-१६ लाख.

डोळ्यांसमोर मारुतीची एर्टिगा (पेट्रोल की सीएनजी ते ठरत नाही), कियाची कॅरेन्स आणि सेकंड हँड इनोव्हा क्रिस्टा आहेत. ऑफिसातल्या एकाने रेनोची ट्रायबर सुचवली. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोन्ही आहेत, त्यांनी कृपया रोजच्या वापराचं सांगा.

निवांत
एर्टिगा सीएनजी. डोळे झाकून.

घाटवाट
निवांत, डोळे उघडून त्या गाडीची डिकी बघा. सातही सीटा उभ्या असताना एर्टिगाची डिकी २०९ लिटर. सीएनजीत सिलिंडर तिसऱ्या रांगेच्या मागेच बसतो, त्यामुळे तेवढीही हाती लागत नाही. धायरीकरांच्या घरची सगळी माणसं बसली की बॅगा टपावर. पावसात गणपतीला निघणार, म्हणजे वर ताडपत्री आली, दोर आले, आणि वाटेत पाच वेळा थांबून गाठ सुटली का ते बघणं आलं.

सीएनजी वाईट असं मी म्हणत नाही. कंपनीचा आकडा २६.११ किमी प्रति किलो आहे आणि रोजच्या धावपळीला पैसे खरंच वाचतात. पण घरात माणसं जास्त आणि सामानही जास्त असेल, तर आधी डिकीचा हिशोब मांडा आणि मग अ‍ॅव्हरेजचा.

निवांत
डिकीचा मुद्दा मान्य. आम्ही चौघंच असल्यामुळे मागची रांग कायम पाडलेली असते, तेव्हा ५५० लिटर होते.

मुग्धा_के
धायरीकर, सासूबाई आणि लेकाची चाइल्ड सीट, दोन्ही सांभाळून मी रोज गाडी चालवते, म्हणून सविस्तर लिहिते.

गुडघ्याच्या माणसासाठी सीटची उंची सगळ्यात महत्त्वाची. सीट फार खाली असेल तर बसणं सोपं पण उठणं अवघड. फार वर असेल तर चढायलाच आधार लागतो. माणूस उभा असताना सीटची कडा त्याच्या कमरेच्या थोडी खाली आली, की तो आधी बूड टेकतो आणि मग दोन्ही पाय आत घेतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आम्हाला फिजिओथेरपिस्टने असंच बसायला शिकवलं होतं. क्रिस्टा चेसिसवर बांधलेली गाडी, तिची फ्लोअर उंच. साडी नेसून तिच्यात चढताना पायदान लागतंच. एर्टिगा, कॅरेन्सची फ्लोअर त्या मानाने खाली. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, आईंना साडीत घेऊन जा आणि प्रत्येक गाडीत बसवून, उठवून बघा.

दुसरं, चाइल्ड सीट. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट गाडीला पक्की अडकवायचे हूक मधल्या रांगेत दोन्ही कडांना असतात. ज्या बाजूला चाइल्ड सीट पक्की कराल ती बाजू पुढे दुमडता येत नाही, म्हणजे तिकडून मागच्या रांगेत जायची वाट बंद. म्हणून चाइल्ड सीट उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे लावा. डावी बाजू फूटपाथकडे उघडते, चढउतार तिकडूनच होऊ दे. शोरूममध्ये हे आपणहून कोणी सांगत नाही. आपली चाइल्ड सीट सोबत नेऊन तिथेच लावून बघायची.

शलाका
मुग्धाताई, हा प्रतिसाद सेव्ह केला. आमच्याकडे जुळी आहेत, दोन चाइल्ड सीटा. म्हणजे आमची मागची रांग दोन्हीकडून बंदच की!

मुग्धा_के
शलाका, तुम्ही सहा सीटर बघा. मधे दोन सुट्या कॅप्टन सीटा असतात आणि त्यांच्यामधून मागे जायला वाट. मारुतीची एक्सएल६ तशीच येते, कॅरेन्सच्या क्लॅव्हिस मॉडेलमध्येही सहा सीटरचा पर्याय आहे. दोन्ही चाइल्ड सीटा लावलेल्या असल्या तरी मोठं माणूस मधून मागे जातं.

अण्णा_नाशिककर
सात माणसं भरून घाट चढायचे तर माझ्या मते डिझेलच. कॅरेन्सचं १.५ डिझेल २५० न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद) देतं. एर्टिगातलं डिझेल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे नवे नियम आल्यावर बंद झालं. बजेट थोडं ताणता आलं तर डिझेल बघा.

आणि आमच्या नाशिकला महिंद्राची मराझ्झो बनायची. २०१८ साली आली. मागची रांग प्रशस्त आणि एसीचा झोत छतातून. चांगली गाडी होती, आता बंद झाली. सेकंड हँड घ्यायची तर पार्ट मिळताहेत का ते आधी पाहावं लागेल.

सुरंगी
गुहागरला जाताय म्हणून विचारते, ताम्हिणीने जाता की कुंभार्लीने? आम्ही पाटणवरून कुंभार्ली उतरतो. मुलांना गाडी लागते ती ताम्हिणीतच.

घाटवाट
कशेडीचा बोगदा झाल्यापासून ताम्हिणी, माणगाव, महाड, चिपळूण हा रस्ता पुष्कळ सुसह्य झालाय. पण सुरंगीताई म्हणतात ते खरंय, मुळशी ते माणगाव वळणं फार. आणि ज्यांना गाडी लागते त्यांना मागच्या रांगेत बसवू नका. तिथे माणूस मागच्या चाकावरच बसतो, प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक वळण अंगावर येतं. खिडकी छोटी, बाहेरचं नीट दिसत नाही. नऊ वर्षांची मुलगी मागे बसणार असेल तर तिला गाडी लागते का, ते घर सोडायच्या आधी माहीत हवं.

सुरंगी
आवळा सुपारी. आणि निघताना पोटभर पोहे खायचे नाहीत.

चाकजोड
मी गॅरेजवाला. सेकंड हँड क्रिस्टाबद्दल सांगतो.

बाजारात येणाऱ्या बऱ्याच क्रिस्टा टुरिस्टमध्ये चाललेल्या असतात. पिवळ्या पाटीची पांढरी करून घेणं कायदेशीर आहे, त्यात गैर काही नाही. पण तुम्हाला ते कळायला हवं. आरसीवर आधीचे मालक आणि पासिंगचा इतिहास बघा. मीटरचा आकडा कमी असेल पण स्टेअरिंगचं कातडं गुळगुळीत, क्लचच्या पेडलचं रबर झिजलेलं आणि मधल्या सीटचे रूळ सैल असतील, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिस रेकॉर्ड काढून घ्या.

गाडी दणकट आहे, इंजिन चांगलं सांभाळलं तर खूप चालतं. पण १५-१६ लाखांत जी मिळेल ती बरीच पळालेली असेल. शिवाय रोज बाई गर्दीतून नेणार आणि खांबांच्या मध्ये लावणार. लांबी ४७३५, उंची १७९५ मिमी. सोसायटीत मेकॅनिकल स्टॅक पार्किंग असेल तर वजन आणि उंचीची पाटी वाचा. माझ्याकडच्या एका गिऱ्हाइकाने गाडी आणली आणि मग कळलं की पाळण्यात बसत नाही. आता रस्त्यावर लावतात.

मुग्धा_के
चाकजोड दादा, सगळं पटलं, पण 'बाई गर्दीतून नेणार' म्हणून गाडी छोटी हवी असं नका हो म्हणू. मी इनोव्हा चालवलीय, पेठांमधूनसुद्धा.

चाकजोड
ताई, चुकीचा अर्थ निघाला असेल तर माफी. गर्दीत ती गाडी कोणालाच सोपी नाही, एवढंच म्हणायचं होतं.

हिशोबी
मी वेगळं मत मांडतो. वर्षातून मोजके लांबचे प्रवास असतील तर सात सीटर घेऊच नये. रोज गाडीत बसतं कोण? एकटी वहिनी. एका माणसासाठी रोज सात सीटा ओढायच्या, आणि खांबांच्या मध्ये रोज कसरत. चांगली पाच सीटर घ्या. गावाला जाताना ड्रायव्हरसकट इनोव्हा ठरवा. दिवसाला किमान ३०० किमी पकडतात, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, तरीही हप्ता, विमा, देखभाल यांचा विचार केला तर पैसे वाचतात. शिवाय घाटात तुम्हाला स्वतःला डुलकी काढता येते.

धायरीकर
हिशोबी, हा विचार आम्हीही केला होता. पण गणपतीच्या आदल्या आठवड्यात पुण्यात मोठी गाडी मिळणं आणि ती गावात चार दिवस थांबणं, दोन्ही कठीण. आणि आई-बाबांना दवाखान्यात न्यायचं असतं तेव्हा मुलांना घरी ठेवायला कोणी नसतं, सगळेच निघतो. सहा जण एका गाडीत मावावेत ही आमची जवळजवळ दर आठवड्याची गरज आहे.

हिशोबी
मग माझा आक्षेप मागे. आठवड्याला सहा जण असतील तर गाडी सात सीटरच हवी.

एडिसनवासी
न्यू जर्सीतून लिहितोय. इकडे याच गाडीला मिनीव्हॅन म्हणतात आणि आई-बाबा सहा महिने राहायला आले की तिची खरी किंमत कळते. आमच्याकडे टोयोटाची सिएना आहे. २०२१ च्या मॉडेलपासून ती फक्त हायब्रिडच येते. मागचे दोन्ही दरवाजे सरकते. पार्किंगमध्ये शेजारची गाडी कितीही चिकटून उभी असो, दार पूर्ण उघडतं आणि बाबा सरळ आत पाऊल टाकतात. फ्लोअर खाली, छत उंच, वाकायला लागत नाही. तिसरी रांग जमिनीतल्या खड्ड्यात दुमडून जाते आणि उभी असते तेव्हा तोच खड्डा डिकी होतो, त्यामुळे सातजण बसूनही मोठ्या बॅगा राहतात. भारतात ही सोय परवडणाऱ्या गाड्यांत का नाही, याचं वाईट वाटतं.

घाटवाट
सरकता दरवाजा आपल्याकडे होता की! १९८४ ला मारुतीची व्हॅन आली, पुढे ती ओम्नी झाली आणि २०१९ पर्यंत चालली. आता ईको आहे. सरकत्या दाराची मोठी गाडी म्हणजे कियाची कार्निव्हल, पण ती आपल्या बजेटच्या चौपट.

अण्णा_नाशिककर
ओम्नीच्याही आधी आकुर्डीची मॅटाडोर होती, बजाज टेम्पोची. आमच्या आळीतल्या सगळ्या वराती तिच्यातूनच गेल्या. मग १९९४ ला सुमो आली, तीही पुण्याचीच, सुमंत मुळगावकरांच्या नावावरून. मागे समोरासमोर बाकडी असायची, त्यावर किती पोरं बसायची याला मर्यादा नव्हती.

शलाका
अण्णा, त्या बाकड्यांना पट्टेही नव्हते. मला आता विचार करूनही भीती वाटते.

सुमेधा_पी
शलाकाने बरा विषय काढला. इतका वेळ सुरक्षेवर कोणीच बोललं नाही.

ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आपटवून बघते आणि सुरक्षेला पाचपैकी तारे देते. तिच्या २०२४ च्या चाचणीत एर्टिगाला मोठ्यांसाठी १ तारा आणि मुलांसाठी २ मिळाले. तेव्हा त्या गाडीला दोन एअरबॅग होत्या. २०२५ पासून सहा मिळतात, पण सांगाडा तोच आहे. कॅरेन्सला त्याच वर्षी मोठ्यांसाठी ३ आणि मुलांसाठी ५. इनोव्हा हायक्रॉसला भारत एनकॅपमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या तशाच चाचणीत, ५ आहेत, पण ती बजेटबाहेर.

तारे हेच सर्वस्व नाही, पण घरात दोन मुलं असताना मी हा फरक नजरेआड करणार नाही. आणि गाडी कुठलीही घ्या, मागच्या रांगेतल्या माणसाने पट्टा लावलाच पाहिजे, डोक्यामागची उशी वर खेचून घेतलीच पाहिजे. तिसऱ्या रांगेच्या मागे गाडी फार उरत नाही. मुलांना पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर दंड आहे, पण तुम्ही दंडासाठी नका लावू.

निवांत
सुमेधा, तारे मलाही माहीत होते. तरी एर्टिगा घेतली कारण सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावालाही आहे. गावाकडे गाडी बंद पडली तर हेच कामाला येतं. ज्याने त्याने आपल्या घराचं बघावं.

कोल्हापुरी_पायताण
ट्रायबरवर कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. माझ्याकडे आहे. चार मीटरच्या आत, त्यामुळे पार्किंगला सुख. सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला तेव्हा ती १८ टक्क्यांत आली. एर्टिगा, कॅरेन्स ४० टक्क्यांत आहेत. मागच्या सीटा पूर्ण काढता येतात, मग डिकी ६२५ लिटर. सात बसले तर ८४ लिटर, म्हणजे एक पिशवी. इंजिन एक लिटर, ताकद ७२ पीएस. आम्ही दोघं, दोन मुलं आणि कधीमधी आई-वडील, गावातल्या गावात मस्त. पण सातजण घेऊन कुंभार्ली? एसी बंद करून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढावं लागेल. धायरीकर, तुमच्यासाठी नाही.

काढलेल्या सीटा फ्लॅटमध्ये कुठे ठेवायच्या तेही आधी ठरवा. आमच्याकडे एक सीट बाल्कनीत आहे, वडील तिच्यावर बसून पेपर वाचतात.

सुरंगी
मला तुमच्या वडिलांची बाल्कनी आवडली.

रानवारा
इलेक्ट्रिकचा विचार? क्लॅव्हिसची ईव्हीही आलीय.

धायरीकर
गावच्या घरी वीज रोज संध्याकाळी जाते. आणि बजेट.

धायरीकर
मंडळी, मुग्धाताई आणि चाकजोड दादांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी सगळं घर घेऊन निघालो. आई साडीत, मुलाची चाइल्ड सीट, घरातली सगळ्यात मोठी बॅग, आणि टेप.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नव्हती, कारण मला ती महत्त्वाची वाटली नव्हती. आई शोरूममध्ये बसल्या बसल्या म्हणाली, "आणि वन्सं कुठे बसणार?" आमची आत्या चिंचवडला एकटी राहते आणि गणपतीला आमच्यासोबतच येते. म्हणजे गावाला जाताना सहा नव्हे, सात. सहा सीटरचा विषय तिथेच संपला.

मग सगळ्यांना बसवलं. बाबा पुढे. मधे उजवीकडे चाइल्ड सीट, डावीकडे आई, मधोमध आत्या (तिच्याऐवजी विक्रेता मुलगा बसला, बिचारा हसत हसत). मागे बायको आणि मुलगी. एर्टिगाची रुंदी १७३५, कॅरेन्सची १८००. ६५ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं मला वाटत होतं. पण चाइल्ड सीटशेजारी दोन मोठी माणसं बसली तेव्हा आईचा खांदा एर्टिगात दाराला टेकला आणि कॅरेन्समध्ये नाही टेकला. मागच्या रांगेत मात्र बायकोला एर्टिगाच बरी वाटली, डोक्यावर जागा जास्त.

क्रिस्टा एका ओळखीच्यांकडे पाहिली. गाडी सुंदर, पण आईला चढताना दोघांनी धरावं लागलं. तिने नको म्हटलं.

खांबांमधलं अंतर मोजलं. कॅरेन्स बसते, पण दोन्हीकडची दारं पूर्ण उघडत नाहीत. एर्टिगाचंही तेच, थोडंसं बरं इतकंच.

मुग्धा_के
पार्किंगमध्ये दार पूर्ण उघडायची गरज कोणाला आहे ते बघा. आई-बाबांना गेटपाशी उतरवायचं आणि मग गाडी आत न्यायची. रोज आत लावणारी तुमची बायको एकटी असते, तिला फक्त आपलं दार पुरेसं उघडायला हवं.

आणि बसायचा क्रम लक्षात ठेवा. आधी मागचे दोघं, मग सीट मागे घ्यायची, मग आत्या, शेवटी आई. वाटेत चहाला थांबलात तर उलट क्रमाने सगळे उतरणार. म्हणून मागे ज्यांना वारंवार उतरावं लागत नाही अशांना बसवा. कॅरेन्समध्ये बटण दाबलं की डावीकडची सीट पुढे दुमडते, ते कोणत्या व्हेरिएंटला आहे तेवढं विचारून घ्या. सात माणसांच्या प्रवासात ते बटण सनरूफपेक्षा कितीतरी उपयोगी.

घाटवाट
सामानाचं काय ठरलं? कॅरेन्सची डिकीही सगळ्या सीटा उभ्या असताना २१६ लिटरच आहे. टपावर कॅरिअर लागणारच. छतावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ते बघून बसवा. काही गाड्यांवरच्या दांड्या नुसत्या शोभेच्या असतात, त्यांना दोर बांधू नका. हलकं वर, जड आत: कपड्यांच्या बॅगा टपावर, तांदूळ आणि आंब्याच्या पेट्या डिकीत. जड सामान वर गेलं की वळणावर गाडी झुकते.

सुमेधा_पी
आणि डिकीत छताएवढं रचू नका. जोरात ब्रेक लागला तर पेटी थेट मागच्या रांगेतल्यांच्या डोक्यावर येते.

धायरीकर
ठरलं. कॅरेन्स, पेट्रोल मॅन्युअल, सात सीटर, मधे सलग बाक. दोन कारणं. मधल्या रांगेची रुंदी, कारण आई आणि मुलगा तिथे दर आठवड्याला बसणार आहेत. आणि सुमेधाताईंनी दिलेले मुलांचे तारे. डिझेल बजेटबाहेर गेलं, अण्णा. मागच्या रांगेत बायकोला थोडं अवघडेल; अर्धा रस्ता ती चालवणार आणि मी मागे बसणार असं तिनेच ठरवलंय.

आत्याला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, खिडकी मिळेल का? आई म्हणाली, येताना देईन.

अण्णा_नाशिककर
अभिनंदन! पहिली फेरी सप्तशृंगीला करा, घाटाचीही परीक्षा होईल.

निवांत
अभिनंदन. जुनी हॅचबॅक विकणार असाल तर किलोमीटर किती झालेत ते कळवा. धाकट्या भावाला शिकायला हवीय.